वर जायचं, पण कुणाच्या खर्चाने?

पत्राचा गोषवारा: अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, थोडक्यात:

‘आमचं विद्यापीठ खेळांत एनसीएएच्या डिव्हिजन टूमध्ये आहे. आता एका कॉन्फरन्सकडून डिव्हिजन वनमध्ये येण्याचं बोलावणं आलंय. प्रेसिडेंट आणि ट्रस्टी उत्साहात आहेत. विद्यार्थ्यांची अ‍ॅथलेटिक्स फी वाढवावी लागेल असं दिसतंय. पुढच्या महिन्यात फॅकल्टी सिनेटचं, म्हणजे प्राध्यापकांच्या सभेचं, मत घेणार आहेत आणि मी सिनेटवर आहे. आमच्या विभागातल्या दोन जागा रिकाम्या आहेत, लॅबमधली यंत्रं जुनी झालीत. मला ही सगळी उधळपट्टी वाटते, पण उघड बोलायला धीर होत नाही. एक सहकारी म्हणाला, तू इथे वाढली नाहीस, कॉलेज स्पोर्ट्स म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. नवरा म्हणतो, कशाला त्यात पडतेस, गुपचूप मत देऊन मोकळी हो. खरं सांगायचं तर आमच्या घरी खेळ ही अभ्यास झाल्यावर करायची गोष्ट होती. माझा विरोध त्या संस्कारातून येतोय की विचार करून, हेच मला कळत नाही. माझ्या वर्गात एक धावपटू मुलगी आहे, दुसऱ्या वर्षाला. तिला डिव्हिजन वनचं फार आकर्षण आहे. तिच्याकडे बघितलं की वाटतं, आपण हिच्या वाटेत आडवे येतोय. काय करावं?’

प्रिय ताई,

माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मी ‘आत्ता नको’ म्हटलं असतं. पण तुम्ही जी कारणं दिली आहेत, त्यांच्यासाठी नव्हे. तुमची कारणं सभेत पाच मिनिटंही टिकणार नाहीत असं मला वाटतं, आणि ज्या कारणांमुळे तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल ती तुमच्या पत्रात जवळजवळ नाहीतच. म्हणून उत्तर जरा लांबतंय.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार प्रामुख्याने एनसीएए ही संघटना बघते. १९७३ पासून तिने संस्थांचे तीन गट केले आहेत. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर संस्था आहेत, आणि टीव्हीवर दिसतात ते बहुतेक सामने त्यांचे. डिव्हिजन टूमध्ये खेळाडूंना सहसा फीच्या काही भागापुरती स्कॉलरशिप मिळते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी म्हणून स्कॉलरशिपच देत नाहीत. रणजी करंडकात प्लेट गटातला संघ जिंकला की वर चढतो, तसं इथे काही नाही. कितीही जिंकलात तरी आपोआप वर जात नाही, आणि सगळे सामने हरलात तरी कुणी खाली ढकलत नाही. एखाद्या कॉन्फरन्सने, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने, बोलवावं लागतं, १५ लाख डॉलरच्या वर अर्जाची फी भरावी लागते, किमान १४ खेळांचे संघ ठेवावे लागतात आणि मग काही वर्षं संक्रमणात काढावी लागतात. म्हणजे डिव्हिजन बदलणं हे मैदानावरचं यश नाही, विद्यापीठाच्या कचेरीत घेतलेला आर्थिक निर्णय आहे. तुमच्या सभेत ‘आपण वर चाललोय’ हे वाक्य आलं की एवढं एक लक्षात ठेवा. वरच्या डिव्हिजनमध्ये गेल्याने तुमचा संघ चांगला होत नाही. तो तोच राहतो, समोरचे संघ बदलतात.

आणि ‘वर’ म्हणजे तरी काय? शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये, रॉबर्ट हचिन्स प्रेसिडेंट असताना, अमेरिकन फुटबॉलचा संघच बंद करून टाकला. ज्या संघाच्या जे बर्वेंगर या खेळाडूला १९३५ मध्ये पहिली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, मिळाली होती, तो हा संघ. १९४६ मध्ये त्यांनी बिग टेन कॉन्फरन्सही सोडली. आज शिकागो, एमआयटी, एमरी या संस्था डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. त्यामुळे त्यांच्या पदवीचं मोल कमी झालंय असं कुणी म्हणेल का?

आता तुमच्या पहिल्या गृहीतकाकडे येते. तुम्ही खेळाच्या खर्चाशेजारी लॅबमधली जुनी यंत्रं ठेवली आहेत. खेळ नसता तर तो पैसा आमच्याकडे आला असता, असा त्याचा अर्थ होतो. ताई, बहुतेक वेळा असं होत नाही. फीवाढ मंजूर होते ती अ‍ॅथलेटिक्सच्या नावाने, आणि ती नामंजूर झाली तर पैसा रसायनशास्त्राकडे वळत नाही, तो गोळाच होत नाही. देणगीदाराने बास्केटबॉलच्या मैदानासाठी चेक लिहिला असेल तर तो तुमच्या विभागासाठी लिहील याची खात्री नाही. हा मुद्दा सभेत मांडलात की समोरचा लगेच उत्तर देईल, ‘हे दोन वेगळे खिसे आहेत’, आणि तुमची बाजू तिथेच लंगडी पडेल.

खरा प्रश्न पुढे येतो. सुरुवातीला खिसे वेगळे असतात, पण तोटा आला की तो भरायला कुठल्या खिशात हात घालणार? २०१९ च्या एनसीएएच्याच आकडेवारीनुसार सुमारे १,१०० सदस्य संस्थांपैकी जेमतेम २५ संस्थांच्या खेळांनी स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त कमावलं, आणि त्या सगळ्या सर्वांत श्रीमंत कॉन्फरन्समधल्या होत्या. बाकी सगळीकडे विद्यापीठ आपल्या सामान्य निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीतून भर घालतं. तुमचं विद्यापीठ डिव्हिजन वनमध्ये गेलं तर ते छोट्या कॉन्फरन्समध्ये जाईल, म्हणजे भर घालणाऱ्यांच्या रांगेतच उभं राहील. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. ग्रंथालयही कमावत नाही, तरी आपण ते चालवतो. पण मग प्रेसिडेंटनी ‘ही गुंतवणूक आहे, परत येईल’ असं म्हणू नये. ‘हा खर्च आहे आणि तो आम्हाला करायचा आहे’ असं म्हणावं. त्यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकते.

हे आकडे तुम्ही स्वतः तपासू शकता. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स’ या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेचा खेळावरचा खर्च बघायला मिळतो. तिथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ संस्थांचं उत्पन्न आणि खर्च शेवटच्या डॉलरपर्यंत सारखे दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वा, हिशोब अगदी जुळलाय. प्रत्यक्षात विद्यापीठाने घातलेली भरसुद्धा तिथे उत्पन्नात धरलेली असते. ती किती, हे त्या तक्त्यात कळत नाही. सरकारी विद्यापीठं एनसीएएला जो सविस्तर आर्थिक अहवाल देतात, त्यात विद्यार्थ्यांची फी आणि संस्थेची मदत अशा वेगळ्या ओळी असतात. राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली तो मागता येतो. पाच-सात वर्षांपूर्वी डिव्हिजन वनमध्ये गेलेल्या तुमच्याएवढ्या दोन-तीन सरकारी विद्यापीठांचे अहवाल मागवा, जाण्याआधीच्या वर्षाचा आणि आत्ताचा. तुम्ही आयुष्यभर प्रयोगांच्या वह्या तपासल्या आहेत. सिनेटमध्ये हे काम तुमच्याइतकं नीट कुणी करेल असं मला वाटत नाही.

फीबद्दल जरा थांबून बोलते, कारण हा विषय आपल्या माणसांच्या खिशाशी येतो. विद्यार्थ्याचं सेमेस्टरचं बिल उघडून बघा. वर ट्यूशन, मग खाली लहान लहान ओळी: तंत्रज्ञान, आरोग्य केंद्र, विद्यार्थी संघ आणि अ‍ॅथलेटिक्स. कित्येक विद्यापीठांत ती ओळ मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनाही असते. पुण्याहून, नागपूरहून कर्ज काढून आलेला मुलगा दिवसभर लॅबमध्ये आणि रात्री कॅम्पसवरच्या कॅन्टीनमध्ये काम करतो, आणि ज्या सामन्याला तो कधी जाणार नाही त्याचे पैसे भरतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या यूसी सॅन डिएगोने विचारलं होतं. तिथे २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी फीवाढीला नकार दिला आणि विद्यापीठ थांबलं. २०१६ मध्ये पुन्हा मतदान झालं, विद्यार्थी हो म्हणाले आणि २०२० मध्ये ते डिव्हिजन वनमध्ये गेले. मला या सगळ्या प्रकारात ती चार वर्षांची थांबण्याची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तुमच्याकडे मतदान होणार आहे का? त्यात मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मत आहे का? सभेतला तुमचा पहिला प्रश्न हाच असावा.

संक्रमणाच्या काळात काय होतं तेही नीट समजून घ्या, कारण माहितीपत्रकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. डिव्हिजन टूमधून आलेल्या संस्थेला पूर्वी चार वर्षं एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येत नसे. जानेवारी २०२५ मध्ये निकष पूर्ण करणाऱ्यांसाठी ती मुदत तीन वर्षांवर आणली. या नियमाने काय होतं बघा. केंटकीतल्या बेलार्मिन विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या कॉन्फरन्सची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. एरवी त्या विजयाने थेट मार्च मॅडनेसचं, म्हणजे राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचं, दार उघडतं. त्यांच्याऐवजी जॅक्सनव्हिल स्टेट गेलं. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या मेरिमॅकने अंतिम सामन्यात फेअरली डिकिन्सन विद्यापीठाला एका गुणाने हरवलं, आणि हरलेला फेअरली डिकिन्सन राष्ट्रीय स्पर्धेला गेला, कारण मेरिमॅक अजून संक्रमणात होतं. त्या फेअरली डिकिन्सनने मग पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३–५८ असं हरवून सगळ्या देशाला थक्क केलं.

त्या संघाबद्दल आणखी एक गोष्ट तुमच्या सभेत सांगण्यासारखी आहे. त्याचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन आणि संघातले तीन महत्त्वाचे खेळाडू आदल्या वर्षीपर्यंत न्यूयॉर्कमधल्या एका डिव्हिजन टू कॉलेजमध्ये होते. पर्ड्यूला हरवणारा खेळ त्यांनी तिथे घडवला होता. आणि त्या विजयानंतर थोड्याच दिवसांत अँडरसन दुसऱ्या विद्यापीठात गेले. यूसी सॅन डिएगोचंही तसंच झालं. पात्र झाल्यावर पहिल्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्यांचे पुरुष आणि महिला दोन्ही बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचले. पुरुष संघ मिशिगनशी अवघ्या तीन गुणांनी हरला. लगेच त्यांचे प्रशिक्षक न्यू मेक्सिको विद्यापीठाने उचलले. छोट्या डिव्हिजन वन विद्यापीठात यश आलं तर ते असं आपल्या हातातून जातं. खेळाडूंना आता एक संघ सोडून दुसरीकडे जाणं पूर्वीपेक्षा फार सोपं झालंय, त्यामुळे तुम्ही घडवलेला चांगला खेळाडू वर्षभरात मोठ्या विद्यापीठाच्या जर्सीत दिसतो.

तुमचे प्रेसिडेंट दुसरी बाजू मांडतील आणि ती ऐकण्यासारखी आहे, ती उडवून लावू नका. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्म कमी झाले. ती मुलं आता अठरा वर्षांची होतायत, म्हणजे कॉलेजात येणारे विद्यार्थी कमी होणार. मध्यम आकाराच्या विद्यापीठांना आपलं नाव शंभर मैलांपलीकडे कसं पोचवायचं ही चिंता खरी आहे. मग बॉस्टन कॉलेजचं उदाहरण येतं: १९८४ मध्ये त्यांच्या फुटबॉल संघातल्या डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी टाकलेला लांब पास आणि त्यानंतर वाढलेले प्रवेशअर्ज. अर्ज वाढले हे खरंच. पण ते त्याआधीपासूनच वाढत होते, आणि तो पास एका आधीच नावाजलेल्या संघाचा होता. जिंकण्याने नाव होतं. नुसतं डिव्हिजन बदलल्याने होत नाही, आणि पहिली काही वर्षं तुम्ही जिंकण्यापेक्षा हरण्याचीच शक्यता जास्त. उलट मिनेसोटाचं सेंट थॉमस विद्यापीठ बघा. २०१९ मध्ये त्यांच्याच कॉन्फरन्सने ‘तुम्ही फार सरस ठरता’ म्हणून त्यांना बाहेर काढलं आणि २०२१ मध्ये ते डिव्हिजन थ्रीमधून थेट डिव्हिजन वनमध्ये गेले. पण त्यांच्यामागे मोठं शहर आहे, श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, नव्या इनडोअर स्टेडियमसाठी एका दांपत्याने ७.५ कोटी डॉलर दिले. खाजगी संस्था, खाजगी पैसा. तुमच्या प्रेसिडेंटनी त्यांचं नाव घेतलं तर देणगीदाराचं नावही विचारा.

आणि परतीची वाट? हार्टफर्ड विद्यापीठ १९८४ पासून डिव्हिजन वनमध्ये होतं. मार्च २०२१ मध्ये त्यांचा पुरुष बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. दोन महिन्यांनी, मे महिन्यात, ट्रस्टींनी सगळे खेळ डिव्हिजन थ्रीमध्ये नेण्याचा निर्णय जाहीर केला. पेनसिल्व्हेनियाच्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठानेही मार्च २०२५ मध्ये स्पर्धेत खेळल्यावर आठवड्याभरात खाली जाण्याची घोषणा केली. दोन्ही ठिकाणी हा निर्णय आला तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचला त्याच वर्षी. यशसुद्धा हिशोब जुळवू शकलं नाही, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. खाली येताना स्कॉलरशिपच्या आशेने आलेली मुलं आणि सगळा गाव दुखावतो. म्हणून वर जातानाच खाली यायची अट लिहून ठेवावी लागते.

‘आत्ता नको’ यातला ‘आत्ता’ मी मुद्दाम म्हटला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत, आणि विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. मोठ्यांना ते परवडेल. छोट्या डिव्हिजन वन विद्यापीठांना, ज्यांचा मोठ्या विद्यापीठांच्या खेळातल्या कमाईशी फारसा संबंध नव्हता, त्यांनाही एनसीएएकडून मिळणाऱ्या पैशात कपात सोसावी लागते आहे. कॉन्फरन्सचंही काही खरं राहिलेलं नाही. १९१५ मध्ये जिची सुरुवात झाली ती पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स २०२४ मध्ये दोन संस्थांवर आली. तुम्हाला बोलावणारी कॉन्फरन्स पाच वर्षांनी याच रूपात असेल का, तिथले कोण कोण दुसरीकडे जायच्या तयारीत आहेत, हे विचारल्याशिवाय सही करणं म्हणजे भाडेकरूंची चौकशी न करता इमारत घेण्यासारखं आहे. नियम अजून बदलतायत. दोन वर्षं थांबलात तर चित्र बरंच स्पष्ट होईल, आणि डिव्हिजन टूमध्ये तोवर तुमचं काही अडत नाही. ‘ही संधी पुन्हा येणार नाही’ असं कुणी म्हणालं तर २०१२ ते २०१६ चं सॅन डिएगो सांगा.

आता तुमच्या सहकाऱ्याचं ते वाक्य. ते मला लागलं, तुम्हाला किती लागलं असेल याची कल्पना आहे. बाहेरून आल्यामुळे काही गोष्टी आपल्याला उशिरा कळतात, हे खरं. पण फी कोण भरणार, तोटा कोण सोसणार, हे विचारायला इथे वाढलेलं असावं लागत नाही. तुम्ही निवडून आलेल्या सिनेटर आहात. गुपचूप मत देऊन मोकळं व्हावं हा तुमच्या नवऱ्याचा सल्ला काळजीपोटी असेल, पण इथे तो चालत नाही, आणि त्याचं कारण धाडस वगैरे नाही. सिनेटचं मत सहसा सल्ल्यापुरतं असतं, अंतिम निर्णय ट्रस्टींचा. त्यामुळे तुमच्या एका ‘नाही’चं वजन थोडं, आणि इतिवृत्तात नोंदल्या गेलेल्या तुमच्या प्रश्नाचं वजन जास्त. गप्प राहिलात तर तुमच्या हातातलं खरं साधनच तुम्ही वापरलं नाही असं होईल.

आणि घरच्या संस्काराबद्दल. तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून सांगते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथे पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेव्हा ‘आपल्याकडे खेळाला किंमत नव्हती’ हे अर्धंच खरं आहे. एक प्राचार्य विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकतो हीसुद्धा आपलीच परंपरा. तुमच्या मनातला विरोध तपासायला ती उपयोगी पडेल असं मला वाटतं. तो पैसा खाशाबांसाठी होता. तुमच्या विद्यापीठाच्या नव्या बजेटमध्ये किती पैसा खेळाडूच्या स्कॉलरशिपला, डॉक्टरला, शिकवणीला जाणार आहे, आणि किती प्रशिक्षकांच्या पगाराला, विमानप्रवासाला, नव्या कचेऱ्यांना? हे दोन आकडे शेजारी मांडून घ्या. पहिला मोठा असेल तर तुमचं मत बदलायला हरकत नाही, माझंही बदलेल.

मतदानाआधी एक करा. तुमच्या विद्यापीठाचा एखादा सामना बघायला जा, बास्केटबॉलचा नको, मुलींच्या व्हॉलीबॉलचा किंवा मैदानी स्पर्धेचा. तिथे कोण येतं, आईबाप किती तास गाडी चालवून येतात, हे बघा. ज्याबद्दल मत द्यायचं ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं असावं.

तुमची ती धावपटू. तुम्ही तिच्या आड येताय असं तुम्हाला वाटतं, पण हिशोब करून बघा. ती दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी संक्रमण सुरू झालं तर तिची उरलेली दोन्ही वर्षं त्यात जातील, आणि डिव्हिजन वनच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती एकदाही धावू शकणार नाही. आज डिव्हिजन टूमध्ये वेळ चांगली आली तर धावू शकते. शिवाय वरच्या गटात गेलेला नवा प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू आणतो, आणि तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत संघातल्या खेळाडूंच्या संख्येवरही मर्यादा आली आहे. जागा कमी झाल्या तर आधी कुणाची जाते?

दुसरी गोष्ट तिच्या तासांची. सेमेस्टरच्या सुरुवातीला हे विद्यार्थी तुमच्याकडे एक कागद घेऊन येतात, त्यावर अ‍ॅथलेटिक्स विभागाचा शिक्का आणि बाहेरगावच्या स्पर्धांच्या तारखा. तुम्ही त्यावर सही करता. आता त्या तारखा बहुतेक शुक्रवार-शनिवारच्या असतील, कारण डिव्हिजन टूच्या कॉन्फरन्स बसच्या अंतरातल्या असतात. सेंट थॉमस पूर्वी जवळजवळ सगळे सामने मिनेसोटातच खेळत असे, डिव्हिजन वनमध्ये गेल्यावर त्यांच्या कॉन्फरन्समध्ये डेन्व्हर आणि तुलसाही आले. म्हणजे बुधवारी निघायचं, लॅबचा तास बुडवायचा आणि हॉटेलच्या लॉबीत लॅपटॉपवर परीक्षा द्यायची. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल लॉबीत होत नाही. नव्या कॉन्फरन्सच्या वेळापत्रकाने प्रत्येक संघाचे किती तास बुडतील, हा तक्ता मागा. प्रत्येक एनसीएए संस्थेत एक फॅकल्टी अ‍ॅथलेटिक्स प्रतिनिधी असतो, त्यांचं हे कामच आहे. त्यांना भेटा, आणि त्या मुलीलाही विचारा. तिला कदाचित हे सगळं माहीत असेल आणि तरीही जायचं असेल. तो तिचा निर्णय, पण तो तिने माहिती घेऊन करावा.

सभेत नुसतं ‘विरोध’ म्हणू नका. ‘या अटी मान्य असतील तर पाठिंबा, नाहीतर आत्ता नको’ असा ठराव मांडा. फी किती वाढेल याची कमाल मर्यादा आणि सगळ्या विद्यार्थ्यांचं मतदान. सामान्य निधीतून खेळाला किती भर घालायची याची लेखी मर्यादा आणि दरवर्षी सिनेटपुढे हिशोब. पाचव्या वर्षी आढावा, आणि तोटा ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला तर डिव्हिजन टूमध्ये परतण्याचा विचार ट्रस्टींवर बंधनकारक. आत्ताच्या खेळाडूंच्या स्कॉलरशिप पदवीपर्यंत कायम. असा ठराव तुमच्या त्या सहकाऱ्यालाही नाकारणं अवघड जाईल, कारण खेळावर प्रेम असलेल्या माणसालाही संघ पाच वर्षांनी बुडायला नको असतो. एकट्याने मांडू नका, अर्थशास्त्र किंवा अकाउंटिंगमधला कुणीतरी बरोबर घ्या.

अशीच पत्रं मला पालकांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलाला टेनिससाठी किंवा पोहण्यासाठी एखाद्या कॉलेजने बोलावलं असेल आणि ते कॉलेज डिव्हिजन बदलत असेल, तर प्रशिक्षकाला स्पष्ट विचारा: संक्रमणाचं कितवं वर्ष आहे, स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची, आणि तुम्ही दुसरीकडे गेलात तर कराराचं काय. तोंडी आश्वासनावर घर सोडून दोन हजार मैल जाऊ देऊ नका. मास्टर्सला येणाऱ्यांनी प्रवेश घेण्याआधी फीच्या सगळ्या ओळी मागवून बघाव्यात, अ‍ॅथलेटिक्सची वाढती ओळ वर्षाच्या बजेटमध्ये जाणवते.

ताई, अभिलेख मागवण्याचे अर्ज याच आठवड्यात पाठवा. उत्तर यायला कित्येकदा तीन-चार आठवडे लागतात, आणि तुमची सभा पुढच्या महिन्यात आहे. तोवर उत्तर आलं नाही, तर ‘हे आकडे येईपर्यंत मतदान पुढे ढकलावं’ ही सूचना तुम्ही मांडू शकता. त्यासाठी सिनेटच्या सचिवांना विषय आधी कळवावा लागेल, तेवढं मात्र विसरू नका.